सरासरीला पत्ता नसतो

कोणतीही गुळगुळीत वस्तू हातात आली की भाई ती आधी उजेडाकडे धरीत. सफरचंद असो, लग्नपत्रिका असो किंवा संगणकाचा नवा माउस असो. अंगठ्याचे नख तिच्यावरून एकदा सावकाश फिरवीत, नखाला काय लागले ते पाहत आणि मगच ती टेबलावर, स्वतःपासून वीतभर दूर, ठेवीत. “गुळगुळीत दिसला की समजायचा, कोणीतरी हात फिरवलाय,” असे ते म्हणत. हात कोणी फिरवला, हा त्यांचा पुढचा प्रश्न असे. आणि तो विचारताना ते समोरच्याकडे अशा नजरेने पाहत की हात आपलाच होता की काय, अशी शंका त्या बिचाऱ्याला येऊ लागे.

मला ती नेहमीच येई. मी मूळची गणिताची शिक्षिका. रोह्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बावीस वर्षे मॅट्रिक्स आणि व्हेक्टर शिकवले, आणि पन्नाशी ओलांडल्यावर, या गोष्टींचे जगात पुढे नेमके काय होते ते पाहावे म्हणून, संगणकावरील खेळांच्या चित्रांचे प्रोग्रॅमिंग शिकायला घेतले. उशिरा शिकणाऱ्या माणसाला आपण कुठेतरी चुकत आहोत असे सतत वाटत असते. त्यातून माझ्या शेजारच्या टेबलावर हे गृहस्थ बसत.

पेणला, गणपतीच्या मूर्तींच्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी होती. कारखाना मालकाच्या वडिलांचा, वरची कंपनी मालकाची. आणखी दोघे कामाला होते, पण ते दिवसभर कानांना हेडफोन लावून बसत आणि या हकिगतीत येत नाहीत. खाली बारा महिने मूर्तींना पॉलिश पेपर घासल्याचा आवाज चालू असे. एकदा मी गमतीने म्हणाले, “भाई, या गावाचा धंदाच गुळगुळीत करण्याचा आहे. तुम्ही इथे कसे रमलात?” सगळे त्यांना भाई म्हणत, म्हणून मीही म्हणे. ते हसले नाहीत. “खाली घासतात ते सगळ्यांसमोर घासतात, बाई,” ते म्हणाले. “तुमचा यंत्र आत घासतो.”

ते खांबजवळच्या एका गावातले. तरुणपणी दुकानांचे बोर्ड रंगवीत. मग गावातल्या बहुतेक घरांतून कोणी ना कोणी जाते तसे आखातात गेले, आणि तिथे रस्त्यांचे फलक बनवणाऱ्या कारखान्यात आयुष्याचा मोठा भाग काढला. ब्रशवरून कापणीयंत्रावर, तिथून संगणकावर, संगणकावरून प्रोग्रॅमिंगवर असे एकेक करीत ते स्वतःच शिकत गेले. आमच्याकडे टेक्स्चरचे सारे काम त्यांच्याकडे होते.

टेक्स्चर म्हणजे काय, ते मला येथे सांगितलेच पाहिजे. खेळातला रस्ता, भिंत, फलक हे सारे मुळात कोरे असते; त्यावर चित्र चिकटवावे लागते. ते चित्र म्हणजे टेक्स्चर. चित्र तरी काय, रंगीत चौकोनांची फरशीच. जवळ गेले की तिचे चौकोन डोळ्यांत भरतात आणि अक्षरांच्या कडा जिन्यासारख्या तुटक दिसतात. त्यावर उपाय असा, की पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवताना यंत्राने जवळच्या चार चौकोनांना विचारावे आणि चौघांच्या उत्तरांचे मिश्रण करावे. याला फिल्टरिंग म्हणतात. त्याने कडा विरघळतात, चित्र मऊ होते. दूरच्या वस्तूंसाठी त्याच चित्राच्या लहान प्रती आधीच करून ठेवतात: निम्मी, तिच्या निम्मी, तिच्याही निम्मी. आम्ही त्यांना पायऱ्या म्हणत असू. वस्तू जितकी दूर, तितकी खालची पायरी वापरायची. याही पायऱ्या यंत्र स्वतःच, चार चार चौकोनांची सरासरी काढीत, क्षणात तयार करून देते.

मी हे शिकले तेव्हा मला त्यात सौंदर्य दिसले. भाईंना त्यात कट दिसे.

“चार शेजाऱ्यांना विचारून पाचव्याचा रंग ठरवायचा?” ते म्हणत. “आमच्या वाडीत असा केला तर रोज मारामारी होईल. चौघांनी मिळून सांगितलेली गोष्ट एकाचीपण नसते. सरासरीला पत्ता नसतो, बाई. जाब विचारायला कोणाच्या दारात जायचा?”

 

म्हणून ते प्रत्येक पायरी हाताने काढीत. ‘पुढे वळण आहे’ असा एक फलक म्हणजे नऊ चित्रे. चौथ्या पायरीत ते शिरोरेषा एक चौकोन वर उचलून ठेवीत, म्हणजे ‘व’चे पोट भरून जात नसे. सहाव्या पायरीत अक्षरे संपत आणि नुसता बाण उरे. शेवटची पायरी म्हणजे एकच चौकोन, आणि त्या एका चौकोनासाठी ते अख्खी सकाळ घेत. “सबंध बोर्ड एका रंगात सांगायचा,” ते म्हणत, “सोपा वाटतो तुम्हाला?” एका फलकाला त्यांना दहा दिवस लागत. मालक हे पाहून पूर्वी कौतुकाने हसे. मी रुजू झाले तोवर त्या हसण्यातले कौतुक संपत आले होते, आणि भाईंचे टेबल आता किती दिवस राहील हा प्रश्न न बोलता सर्वांच्या मनात होता. भाईंच्या तर नक्कीच होता. ते भिंतीला पाठ लावून बसत.

पेणमधल्या एका फोटोवाल्याशी त्यांचे झालेले भांडण मी स्वतः पाहिले आहे. पासपोर्टसाठी फोटो काढायचा होता आणि त्यांनी मला साक्षीदार म्हणून बरोबर नेले होते. कशाची साक्ष, ते सांगितले नव्हते. फोटो हातात आला, त्यांनी तो दारापाशी नेऊन उजेडात धरला आणि परत आले.

“माझी चामखीळ कुठे हाय?”

“भाई, दहा वर्षांनी तरुण केलंय तुम्हाला!” फोटोवाला खुशीत म्हणाला.

“मी सांगितला होता?”

“अहो, सगळ्यांना करतो. आपोआप होतं ते.”

“कोणाच्या आपोआप?” भाई म्हणाले. “ह्या फोटोतल्या माणसाला पासपोर्ट मिळंल. पण विमानात मला बसायचा हाय. माझी चामखीळ परत द्या.”

चामखीळ परत मिळेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. येताना रस्त्यात त्यांनी मला विचारले, “तो ‘आपोआप’ म्हणाला तेव्हा त्याचा डोळा कुठे होता, बघितलात?” मी बघितले नव्हते. “मग तुम्हाला कशाला नेला?” ते म्हणाले.

आमच्या हाती तेव्हा जे काम होते तो खेळ मुलांसाठी नव्हता. रोह्याच्या कारखान्यांतून रसायने नेणाऱ्या एका वाहतूक कंपनीला आपल्या टँकर ड्रायव्हरांचा सराव घ्यायचा होता. खरे स्टिअरिंग, खरे ब्रेक, समोर पडदा आणि पडद्यावर कोलाडकडून पेणकडे येणारा महामार्ग. त्यातली वळणे, वळवलेले रस्ते, अर्धवट पूल आणि फलक. ड्रायव्हर चुकला तर टँकर पडद्यावरच उलटे.

एका सोमवारी त्या कंपनीचे साहेब काम पाहायला पेणला आले आणि मालकाने मोठ्या रुबाबात पडदा सुरू केला. महामार्ग जवळ निळा, पुढे पिवळा आणि त्यापुढे लालभडक दिसत होता.

“हा हायवे आहे की शिमगा?” साहेबांनी विचारले.

मालक घामाघूम झाला. भाई शांतपणे उठले आणि पडद्यापाशी गेले. पायऱ्यांना त्यांनीच मुद्दाम वेगवेगळे रंग दिले होते. कोणती पायरी कुठे वापरली जाते ते पाहण्याची ही जुनी युक्ती आहे. पण भाईंनी तिचा सापळा केला होता.

“रस्ता बघा,” ते म्हणाले. “निळा, पिवळा, लाल. पायरी बदलली, रंग बदलला. आता हा वळणाचा बोर्ड बघा. ह्याच्यात पिवळा नाय, लाल नाय. निळाच्या निळाच लांबवर गेलाय. निळ्याची सरासरी निळीच. माझ्या पायऱ्या काढून कोणीतरी सरासरी बसवलीय.”

“यंत्रानं केलं असेल, भाई,” मालक म्हणाला.

“यंत्राला कोणी सांगितला?”

मी सांगितले होते. आदल्या शुक्रवारी तो फलक पुन्हा प्रकल्पात घेताना ‘लहान प्रती आपोआप तयार करा’ या चौकटीतली खूण काढायला मी विसरले होते. ते मला त्याच क्षणी आठवले. साहेबांसमोर, मालकासमोर उभे राहून ‘मी’ हे एवढे एक अक्षर उच्चारायचे होते. मी खिडकीपाशी जाऊन तिचा पडदा सारखा करू लागले. भाईंची नजर मालकावरून माझ्यावर आली आणि काही वेळ तिथेच राहिली.

त्या दिवसापासून मी टेबलावरून उठले की ते माझ्या संगणकाच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढीत. मी परतले की पुन्हा एक. चोरून नव्हे, उघडपणे. हे फोटो ते कोणाला दाखवतात, मालकाला की साहेबांना, हे मला कळेना आणि विचारवेना. हळूहळू मलाही ती सवय जडली. मालक माझ्याशी गोड बोलला की का बोलला याचा मी विचार करू लागले. रोह्याहून येताना गाडी कासू स्टेशनात नेहमीपेक्षा जास्त थांबली तर मला कारण हवे असे. घरी दुधाची पिशवी मी उजेडाकडे धरून पाहते आहे हे एका सकाळी माझ्या लक्षात आले आणि मी ती घाईने खाली ठेवली.

त्यांच्या संशयाचे मूळ काय असावे, हे मी त्यांच्या गावाकडच्या चार जणांना निरनिराळ्या वेळी विचारले. एकाने सांगितले, पहिल्यांदा आखातात नेणाऱ्या एजंटाने फसवले. दुसऱ्याच्या मते भावाने वाडीची हद्द सरकवली. तिसरा म्हणाला, त्यांनी काढलेली अक्षरे त्यांच्या उस्तादाने स्वतःच्या नावावर खपवली. चौथ्याने सांगितले की ते पाळण्यातही एक डोळा उघडा ठेवून झोपत. मी या चौघांची सरासरी काढली नाही. एवढे तरी मी त्यांच्याकडून शिकले होते.

पावसाळा सरल्यावर मालकाने मला बाजूला बोलावले. तो कधी रागावत नसे. त्याच्या बोलण्याला कुठे कडच नसे.

“बाई, गाजावाजा नको,” तो म्हणाला. “रोह्याला आपण दोन्ही प्रकार दाखवू. एकात भाईंच्या हातच्या पायऱ्या, एकात यंत्राच्या. कोणता कोणता, ते ड्रायव्हरला सांगायचं नाही. भाईंच्या पायऱ्यांनी काही जास्त साधत नसेल, तर त्यांना किती दिवस त्रास द्यायचा? वय झालं त्यांचं. आराम करू देत.”

“म्हणजे त्यांना काढणार?”

“काढणं काय म्हणता, बाई! आराम.”

भाईंना त्याने ‘जरा चाचणी आहे’ एवढेच सांगितले. भाईंनी माझ्याकडे पाहून विचारले, “चाचणी कोणाची, बोर्डाची का माझी?” मी म्हणाले, “बोर्डाची.” खोटे बोलताना माझा डोळा कुठे गेला ते त्यांनी पाहिले असणार.

रोह्याच्या त्या कंपनीत एका लांबट खोलीत यंत्रणा मांडली होती. ड्रायव्हर खांबचाच होता, पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा. वीस वर्षे टँकर चालवणारा. आधी भाईंच्या पायऱ्यांचा प्रकार लावला. वळणाचा फलक त्याने फार लांबून वाचला.

“आला वळण,” तो म्हणाला आणि निवांत झाला. मग साहेबांना त्यांच्या मुलीच्या लग्नाचे विचारू लागला. फलक त्याच्या हिशेबातून निघून गेला होता. वळण खरोखर आले तेव्हा वेग तसाच होता. टँकर कठड्यावर चढला आणि पडद्यावर सावकाश आडवा झाला. “हात तेरी!” ड्रायव्हर म्हणाला.

मग यंत्राच्या पायऱ्या. या वेळी फलक लांबून नुसता पिवळट धुरकट दिसत होता. ड्रायव्हर पुढे झुकला, गप्प झाला, आणि वेग उतरला. वळण त्याने अलगद काढले.

“ह्यात काय केलंत?” साहेबांनी विचारले.

“काय नाय साहेब. बोर्ड दिसतो पण वाचता येत नाय म्हटल्यावर पाय आपोआप सुटतो. खऱ्या रस्त्यावर असाच व्हतो. तो पहिला बोर्ड कुठचा हाय? मी जल्मात नाय बघितला इतक्या लांबून!”

साहेब म्हणाले, “दुसरा घ्या.” मालकाने खाली पाहिले, पण ते समाधान लपवण्यासाठी. भाई भिंतीला टेकून उभे होते. ते ड्रायव्हरकडे पाहत नव्हते, साहेबांकडेही नाही. बंद झालेल्या पडद्याकडे पाहत होते. मला वाटले, अपमान गिळत असावेत.

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. “आराम करतायत,” मालक म्हणाला.

तीन दिवसांनी मी भाईंचा प्रकार संगणकावरून आवरून ठेवायला घेतला आणि मला एक आकडा दिसला. दूरच्या वस्तूला नियमाने जी पायरी लागते तिच्याऐवजी वरची, म्हणजे अधिक ठळक पायरी वापर, असे यंत्राला सांगणारा एक आकडा असतो. तो शून्य असायला हवा. तो उणे एक होता. मीच केला होता. भाईंची ती अक्षरे मला फार आवडत. फलकापासून मागे मागे जात ती जास्तीत जास्त वेळ पाहता यावीत म्हणून एका दुपारी मी तो बदलला, आणि पाहण्याच्या नादात परत शून्य करायला विसरले. म्हणजे चाचणीच्या दिवशी ड्रायव्हरने जो फलक ‘जल्मात नाय बघितला’ तो भाईंनीही तसा काढलेला नव्हता. तो माझ्या कौतुकाने बिघडलेला होता, आणि भाईंचे टेबल त्यावर गेले होते.

मी मालकाकडे गेले. त्याने नीट ऐकून घेतले.

“बाई, चूक कोणाला दिसली का?”

“नाही.”

“मग झालं तर. निकाल लागलाय. उगाच कशाला उकरायचं?”

मी परत येऊन जागेवर बसले आणि आठ दिवस बसून राहिले. हे आठ दिवस मी लिहून टाकते आहे, कारण ते वगळले तर पुढचे सारे वाचताना मी आहे त्याहून बरी दिसेन.

नवव्या दिवशी, रविवारी, मी त्यांच्या गावी गेले. दार त्यांच्या बायकोने उघडले. “या गो बाई, बसा,” त्या म्हणाल्या. “मागच्या पडवीत बोर्ड रंगवतायत. आज जेवणात मीठ बरोबर होता, तर विचारतात, आज बरोबर कसा काय? तीस वर्षां झाली लग्नाला!”

भाई एका रोपवाटिकेचा फलक रंगवीत होते. ‘कलमे मिळतील’ यातला ‘क’ झाला होता. मी उभ्यानेच सारे सांगून टाकले. उणे एक, माझे विसरणे, आठ दिवस, आणि त्याआधीची ती निळी पाटी, तीही मीच. ब्रश डब्यात बुडवून ते माझ्याकडे वळले.

“उणे एक मला तिथेच समजला होता,” ते म्हणाले. “लांबची अक्षरा थरथरत होती. माझ्या पायऱ्या बरोबर लावल्या तर थरथरत नायत.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“मला वाटला, शेठनं सांगितला आणि तुम्ही जाणून केलात. जाणून करणाऱ्याला बोलून काय फायदा? पण जाणून करणारा कधी घरी येऊन सांगत नाय. म्हणून म्हटला, बघू.”

“आणि मी आलेच नसते तर?”

“तर माझा बरोबर होता.”

हे बोलताना त्यांचा चेहरा उतरला. आयुष्यभर वापरलेले हत्यार प्रथमच हातात फिरले, तसे ते डब्यातला ब्रश उगाच ढवळीत राहिले. त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या, भाईंकडे पाहून म्हणाल्या, “काय झाला? कोण चांगला निघाला काय?”

मग ते उठले. “चाचणी परत घ्यायची,” ते म्हणाले. “तोच ड्रायव्हर, तेच साहेब, शेठ समोर. आणि यंत्र मी लावणार. तुम्ही खरा सांगितलात म्हणजे तुम्हाला हात लावू देईन, असा नाय.”

मालक अर्थातच नको म्हणाला, अगदी गोड शब्दांत. तेव्हा मी त्याला सांगितले की मग मी साहेबांना स्वतःच पत्र लिहीन.  शेवटी त्याने माझ्यासमोरच साहेबांना फोन लावला. माझा एवढा आवाज त्याने आधी कधी ऐकला नव्हता.

पुन्हा तीच लांबट खोली. भाईंनी दोन्ही प्रकार स्वतः लावले. मला दोन्ही हात मागे धरून उभे राहायला सांगितले आणि मी राहिले. तो आकडा त्यांनी पडद्यावर मोठा करून सर्वांना वाचायला लावला. मालक म्हणाला, “शून्य.” साहेब म्हणाले, “शून्य.” ड्रायव्हरला आकड्याशी कर्तव्य नव्हते, पण त्यालाही म्हणावे लागले.

भाईंच्या पायऱ्या लागल्या. फलक लांबून नुसता पिवळा, मग त्यात बाणाची चाहूल, मग अक्षरे. ड्रायव्हरचा पाय वेळेवर सुटला, वळण नीट निघाले.  मग यंत्राच्या पायऱ्या. पुन्हा तेच, पाय त्याच जागी सुटला, वळण नीट निघाले.

“फरक काय वाटला, दादा?” भाईंनी विचारले.

“कसला फरक?”

“बोर्डात.”

“बोर्ड होता, वळण होता, गेलो. बोर्डात काय बघायचा असतो?”

भाईंनी क्रम उलटा केला. पुन्हा तेच. मग न सांगता एकच प्रकार दोनदा लावला. पुन्हा तेच. ड्रायव्हर आता कंटाळला होता. “भाई, कितीपण फिरवा, रस्ता तोच हाय,” तो म्हणाला.

 पहिली चाचणी भाई माझ्या चुकीने हरले होते. ही हरण्यात कोणाचीच चूक नव्हती. दहा दिवसांचे हात आणि यंत्राचा एक क्षण, ड्रायव्हरच्या पायाला दोन्ही सारखे होते. भाई खुर्चीवर बसले, चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि मालकाकडे वळले.

“शेठ, आता काढा.”

“भाई, बसा ना. चहा मागवलाय. तुम्ही तर आमचे...”

“चहा मग. आधी काढा.”

“काढणं कसलं, भाई? तुम्ही आराम...”

“आराम नको. तोंडानं बोला. मी ऐकतोय, बाई ऐकतायत, साहेब ऐकतायत.”

मालकाने साहेबांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. त्याच्या तोंडून तो शब्द निघायला फार वेळ लागला. “काढलं, भाई,” तो अखेर म्हणाला. हे त्याने कोणालातरी सरळ सांगितलेले पहिलेच वाक्य असावे.

“हां,” भाई म्हणाले. त्यांनी मालकाचा हात हातात घेऊन दाबला, मग चहा घेतला, दोन बिस्किटे खाल्ली, आणि दुसरे खाण्याआधी पहिल्यासारखे उलटून पाहिले नाही.

बाहेर आल्यावर मला राहवेना. “माझ्यामुळे तुम्हाला दोनदा हरावं लागलं,” मी म्हणाले. “मी आले नसते तर निदान अन्याय झाला असं तरी म्हणता आलं असतं.”

“पहिल्यांदा चुकीचा हरलो होतो, बाई,” ते म्हणाले. “त्याचा रोज हिशोब लावत बसलो असतो, कोणी केला, कशाला केला. आज बरोबर हरलो. आता विचारायला कोणी उरला नाय.” त्यांना जरा चुकल्याचुकल्यासारखे झाले होते, पण ते सुटल्यासारखेही दिसत होते, आणि यातले कोणते किती, हे मी ठरवू शकले नाही.

ड्रायव्हर रिकामा टँकर घेऊन कोलाडमार्गे निघाला होता. भाईंनी हात केला, तो थांबला, भाई कष्टाने केबिनमध्ये चढले. मी खाली उभी होते. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांचा आवाज ऐकू आला.

“दादा, हळू. कोलाडच्या अलीकडं वळण हाय, आणि तिथला बोर्ड माझा नाय.”

ड्रायव्हर हसला. “ह्या रस्त्याची सगळी वळणां मला पाठ हायत, भाई.”

“तेच तर बोलतोय. पाठ असला की पाय सुटत नाय,” भाई म्हणाले आणि समोरची दांडी त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली.